ब्रेक पाइपचा गंज: काही पक्के गैरसमज

मोटारीच्या पेडलवरचा पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो तो ब्रेक पाइपमधल्या ऑइलमधून. हा पोलादी पाइप साधारण ४.७५ मिलिमीटर व्यासाचा आणि त्याची भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची. ब्रेक जोरात दाबला की टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट दाब ही भिंत सोसते.

‘आपल्याकडे पाऊसच नाही, मग गंज कुठला?’ हा केडगावच्या बाजूचा लाडका समज. अहिल्यानगरला लागून, पुणे रस्त्यावरचे हे उपनगर पर्जन्यछायेत येते. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तसे इथे होत नाही, हेही खरे. पण गंजाला धो-धो पाऊस लागत नाही. टिकून राहिलेली ओल आणि हवा त्याला पुरतात. क्षार मिळाले की तो धावतो. पाइप धरणाऱ्या क्लिपांमागे साचलेला चिखल आठवडाभर ओल धरतो. बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली की क्षार तिथेच वाळतात. पिकअपच्या हौद्यात सांडणारे पोटॅश खत म्हणजे बहुधा पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद. शिवाय जुनी गाडी आधी कुठे वापरली हे महत्त्वाचे. मुंबई-कोकणात दहा वर्षे काढलेली गाडी अहिल्यानगरला येते ती गंज सोबत घेऊनच.

ब्रेक ऑइल पाणी शोषते, म्हणून पाइप आतून सडतो, असेही म्हणतात. पहिला भाग बरोबर आहे. मात्र ऑइलमध्ये गंजरोधक द्रव्ये असतात आणि पाइप बहुतेक वेळा बाहेरूनच खाल्ला जातो. पाण्याचा ठळक तोटा निराळा: नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. माळशेज घाट उतरताना तापलेल्या ब्रेकांत त्या ऑइलची वाफ होऊ शकते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलतात.

पेडल कडक लागते म्हणजे पाइप ठीक, हा समज सर्वांत घातक. कुरतडलेला पाइप रोजचा हलका दाब महिनोन्‌महिने सोसतो आणि फुटतो तो नेमका जोरात ब्रेक मारल्यावर. ब्रेकच्या दोन स्वतंत्र सर्किटांमुळे अर्धे ब्रेक उरतात, पण गाडी बरीच पुढे जाऊन थांबते. एबीएस असले तरी गळलेले ऑइल ते भरून काढत नाही.

गंजावरच अंडरबॉडी कोटिंग मारल्याने तो झाकला जातो, थांबत नाही. सडका तुकडा कापून तिथे रबरी नळी किंवा फ्रिजची तांब्याची नळी बसवणे ही दुरुस्तीच नव्हे. साधे तांबे हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. त्याच मापाचा पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप घ्यावा, टोकांना दुहेरी फ्लेअर (दुमडून रुंदावलेले तोंड) करावी आणि नंतर पाइपमधली एअर काढावी. तांबे-निकेलचे पाइप व्होल्वो १९७६पासून वापरत आली आहे.

तपासणीसाठी गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेऊन क्लिपा सोडवाव्या लागतात. तारेच्या ब्रशने घासल्यावर नुसता तांबूस रंग निघाला तर पाइप चालतो. पापुद्रे सुटले किंवा खड्डे दिसले तर बदलावा.