पोमेड : सफरचंदापासून एरंडापर्यंत

‘पोमेड’ या शब्दाच्या पोटात सफरचंद आहे. लॅटिनमध्ये ‘पोमम’ म्हणजे फळ. युरोपातल्या जुन्या लेपांत चरबीबरोबर सफरचंदाचा गर घालत, त्यावरून इटालियन ‘पोमाता’ आणि फ्रेंच ‘पोमाद’ हे शब्द आले.

मी मात्र या विषयाकडे शब्दकोशातून आलो नाही. अर्धांगवायूने वडिलांचा उजवा हात गेला आणि रोज त्यांचा भांग पाडायचे काम माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी मी ओल्या केसांवर बोटभर पोमेड थापले. त्याचे गोळे झाले, केस टाळूला चिकटले, दोनदा शाम्पू लावूनही निघेना. आरशात पाहून वडील म्हणाले, “हा कोण?” तेव्हापासून मी डब्यांवरची बारीक अक्षरे वाचू लागलो.

पोमेडचे ढोबळ प्रकार तीन. पहिला तेल-मेणाचा. पूर्वी त्यासाठी डुकराची, अस्वलाची चरबी वापरत. ती खवट होई. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलिनचे पेटंट घेतले आणि खवट न होणारा आधार मिळाला. पेट्रोलियम जेलीने चकाकी येते, मेणाने पकड.

दुसरा प्रकार क्रीमचा. १९२८ साली बर्मिंगहॅममध्ये ब्रिलक्रीम निघाले. त्यात खनिज तेल आणि पाणी मेणाच्या साहाय्याने एकजीव केलेले असते, पकड हलकी. मुंबईचे यष्टिरक्षक फारुख इंजिनिअर त्याच्या जाहिरातीत झळकले होते.

तिसरा पाण्याने धुऊन निघणारा. त्याच्या घटकांत पाणी बहुधा पहिले असते आणि पुढे अनेकदा ‘पेग-४० हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल’ आढळते. कॅस्टर म्हणजे आपला एरंड, ज्याच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. एरंडेलावर प्रक्रिया करून केलेला हा घटक तेल आणि पाणी यांची सोयरीक जुळवतो.

निवड केसांवरून करावी. दाट, राठ केसांना पहिला प्रकार पेलतो. विरळ केस मात्र जड वंगणाने एकमेकांना चिकटतात आणि टाळू उघडी पडते. तिथे क्रीम बरे. कपाळावर पुटकुळ्या येऊ लागल्या तर औषधाआधी डबा तपासावा. १९७० साली क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी या विकाराला ‘पोमेड ॲक्ने’ असे नाव देऊन त्याचे वर्णन केले.

हरभऱ्याएवढे पोमेड घ्यावे, तळहातांवर पातळ होईपर्यंत चोळावे आणि मागून पुढे लावत यावे. तेल-मेणाचे कोरड्या केसांना, पाण्याचे दमट केसांना. तेल-मेणाचे काढताना कोरड्या केसांनाच आधी खोबरेल चोळावे, मग शाम्पू. तेलाला तेलच सोडवते.

वडिलांचे केस मऊ आणि विरळ. त्यांना क्रीम पुरले. पुढे सव्वा वर्ष, शेवटपर्यंत, मी रोज डावीकडून भांग पाडला. आरशात पाहून ते काही बोलत नसत. डावा हात उचलून केसांवरून एकदा फिरवत.