बहात्तरवाले आणि सत्त्याहत्तरवाले

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या चाहत्यांतला सगळ्यात जुना तंटा तारखांचा आहे. कुठलं गाणं श्रेष्ठ, हे इथे कुणी विचारत नाही. ते गाणं कुठल्या रात्रीचं, हे विचारतात. 'डार्क स्टार' 1968 साली छोट्या तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांच्या आत संपलं होतं. पुढच्याच वर्षीच्या 'लाइव्ह/डेड'वर तेच 23 मिनिटं चाललं. ख्याल ऐकून वाढलेल्या माणसाला यातलं मर्म समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात येऊन स्थिरावलेल्या आम्हा मराठी माणसांतले काहीजण या गोतावळ्यात सहज सामावले. पण इथे आलं की बाजू घ्यावीच लागते. मी बहात्तरवाला आहे आणि शेवटपर्यंत राहणार.

सत्त्याहत्तरवाल्यांचं दैवत म्हणजे 8 मे 1977, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. ती रात्र उत्तम होती, हे मी कधीच नाकारलं नाही. 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये होणारा प्रवेश आणि शेवटाकडचं 'मॉर्निंग ड्यू' कुणालाही हलवेल. पण तिच्या कीर्तीचं निम्मं श्रेय बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रणकर्तीचं आहे, हे आमचे विद्वान मित्र सोयीने विसरतात. पैशाच्या अडचणीत तिच्या गोदामातल्या टेप 1986 मध्ये लिलावात गेल्या आणि मग त्यांच्या प्रती हातोहात पसरल्या. बाकीच्या रात्री खरखरीतून ऐकणाऱ्यांना ही एकदम लख्ख ऐकू आली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने तिला राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात स्थान दिलं, हे योग्यच झालं. त्यावरून तीच सर्वश्रेष्ठ ठरते, हा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

माझा काळ फेब्रुवारी 1971 ते ऑक्टोबर 1974. या काळात दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट बँडबाहेर होता आणि ड्रमवर एकटा बिल क्रॉइट्समन. दोघे ड्रमवादक एकत्र बसले की ताल भक्कम होतो, पण त्याला चटकन वळता येत नाही. एकटा क्रॉइट्समन गिटारवरच्या जेरी गार्सियाच्या एका सुराबरोबर दिशा बदलायचा. कीथ गॉडशॉचा पियानो त्या मोकळ्या जागेत शिरायचा आणि फिल लेशचा बेस साथ सोडून स्वतःच बोलू लागायचा. दहा मात्रांचं 'प्लेइंग इन द बँड' 1971 मध्ये आटोपशीर गाणं होतं. 1974 येईतो त्याच्या मधल्या भागात अर्धी रात्र मावू लागली.

27 ऑगस्ट 1972, ऑरेगनमधलं वेनेटा. कादंबरीकार केन केसीच्या कुटुंबाची डेअरी अडचणीत आलेली, तिच्या मदतीसाठी उघड्या मैदानात जलसा. तिकिटं छापली होती त्या डेअरीच्या दह्याच्या लेबलांवर. ऊन असं की वाद्यं सुरात राहीनात. सत्त्याहत्तरवाले याच बेसुरेपणावर बोट ठेवतात. त्यांनी त्या दुपारचं 'बर्ड साँग' ऐकावं. मग अर्ध्या तासाचं 'डार्क स्टार' ऐकावं. ते पार विस्कटून, अंधारात जाऊन, अचानक 'एल पासो' या काउबॉयच्या गाण्यात उतरतं. त्या उतरण्यात जे धाडस आहे, ते नीटनेटक्या 1977 मध्ये मला सापडत नाही.

1974 ची 'वॉल ऑफ साउंड' हाही याच काळाचा कळस. बँडचा ध्वनितज्ज्ञ औझली स्टॅन्लीच्या कल्पनेतून उभी राहिलेली, सुमारे 75 टनांची ध्वनियंत्रणा. प्रत्येक वाद्याला वेगळे स्पीकर, बेसच्या प्रत्येक तारेलाही वेगळे. ही भिंत वादकांच्या पाठीमागे असायची, त्यामुळे श्रोत्यांना जे ऐकू येई तेच वादकांनाही. मैफलीत तंबोरा गवयाला आणि श्रोत्यांना एकच असतो, तसं. एकमेकांना इतकं स्पष्ट ऐकणारा बँड इतकं धाडस करू शकला, यात नवल नाही. खर्च पेलवेना, म्हणून त्याच वर्षी ती मोडीत निघाली.

मी तबल्याच्या घराण्यांवर लिहीत आलो, म्हणून मी हार्टच्या बाजूने उभं राहावं अशी अनेकांची अपेक्षा असते. हार्टने उस्ताद अल्लारखाँकडून शिकून घेतलं. सॅन रफाएलच्या अली अकबर कॉलेजमधल्या झाकिर हुसेन, म्हणजे आपल्या झाकिरभाईंच्या तालवाद्यवृंदातून 'डिगा ऱ्हिदम बँड' उभा राहिला. त्याच्या 1976 च्या तबकडीवर गार्सियाही वाजवतो. 'प्लॅनेट ड्रम'ला ग्रॅमी मिळालं. हे सगळं मला अतिशय प्रिय आहे. डिसेंबर 2024 मध्ये झाकिरभाई सॅन फ्रान्सिस्कोत गेले, तेव्हा याच तबकड्या मी पुन्हा पुन्हा लावल्या. पण हार्टचं ते ऋण वेगळ्या खात्यातलं आहे. डेडच्या मधोमध तो नव्हता तेव्हा डेड जास्त मोकळे होते.

शब्दांवरही वाद होतात आणि तिथे माझं मत आणखी ठाम आहे. डेडची गाणी लिहिणाऱ्या रॉबर्ट हंटरला गीतकार म्हणून रॉकमध्ये फार थोडे बरोबरीचे. 1970 मध्ये लंडनमध्ये एकाच दुपारी त्याने 'रिपल', 'ब्रोकडाउन पॅलेस' आणि 'टू ले मी डाउन' लिहिली. 'बॉक्स ऑफ रेन'ची चाल लेशने मरणपंथाला लागलेल्या वडिलांसाठी केली आणि हंटरने तिच्यावर शब्द बसवले. रिल्केच्या शोकगीतांचं इंग्रजी भाषांतर करणारा हा कवी आपल्या ओळींचा अर्थ सांगायला सहसा तयार नसे. तरीही काही पंडित प्रत्येक ओळीला एकेक अमली पदार्थ चिकटवून मोकळे होतात. हे वाचन नव्हे, आळस आहे.

ऐंशीच्या दशकाबद्दल आणि त्यानंतरच्या वर्षांबद्दल थोडक्यातच. 1987 मध्ये 'टच ऑफ ग्रे' गाजलं, मैदानं भरली, वाहनतळावर गर्दी आतल्यापेक्षा जास्त. 1990 चा वसंत ऐकण्याजोगा आहे. 9 ऑगस्ट 1995 ला गार्सिया गेला.

या रात्रींची ध्वनिमुद्रणं मिळवायला पूर्वी अनोळखी माणसाला कोऱ्या कॅसेट आणि परतीची टपाल तिकिटं पाठवायची, मग आठवड्यांनी पाकीट यायचं. प्रत करायला कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ लागे, म्हणून प्रत करणाऱ्यालाही रात्र ऐकावीच लागे. 1984 मध्ये बँडने ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना सभागृहात वेगळी जागा दिली, ती त्यांच्या मायक्रोफोनच्या गर्दीने इतरांची अडचण होऊ नये म्हणून. आज बहुतेक सगळ्या रात्री बोटाच्या टोकावर आहेत आणि तरुण मंडळी गुणांकनांच्या याद्या घेऊन भांडतात. लास व्हेगसच्या स्फिअर या सभागृहात 'डेड अँड कंपनी' ऐकून परतलेले तर पडद्याबद्दलच बोलतात. कॉर्नेलवर माझ्याशी वाद घालायचा असेल तर खुशाल घाला. आधी लुइव्हिलची 18 जून 1974 ची रात्र मधलं काहीही न गाळता ऐकून या.