कोंबडी, रोटी आणि मधलं पाणी

वर्ध्याहून गाडी निघाली तेव्हा डबा चांगला होता. पावाच्या दोन स्लाइस, मधे उकडून सोडवलेली कोंबडी, काकडीच्या चकत्या, टोमॅटो, वरून मीठ आणि मिरपूड. पुलगाव गेलं, धामणगाव गेलं. बडनेऱ्याला भूक लागली म्हणून झाकण काढलं, तर खालची स्लाइस भिजल्या कागदासारखी बोटांना चिकटून आली. आतली कोंबडी मात्र इतकी कोरडी की घासागणिक पाणी प्यावं लागलं.

पाव ओला आणि कोंबडी कोरडी! तेव्हापासून या कोड्याने माझा पिच्छा सोडलेला नाही.

चांगलं चिकन सँडविच कशाने होतं, असं विचारलं की कोणी मसाल्याचं नाव घेतं, कोणी मेयोनीजचं, कोणी चीजचं. माझं उत्तर आता पक्कं झालं आहे: पाण्याने. कोंबडीतलं पाणी कोंबडीत राहायला हवं, पावात शिरायला नको, आणि तोंडात गेल्यावर मात्र सगळं एकजीव व्हायला हवं. हा हिशेब जमला की बाकीचं जमत जातं. तो सगळ्यात सुंदर सुटलेला मी पाहिला तो आमच्याच जिल्ह्यात, आणि तोही पावाशिवाय.

आधी कोंबडीचं पाहू. कच्च्या मांसाच्या वजनात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. किलोभर मांस घेतलं तर पाऊण लिटर पाणी आपण पिशवीत घालून घरी आणतो, आणि ते सांडत नाही! प्रथिनांच्या अतिसूक्ष्म तंतूंमधल्या फटींत ते अडकून बसलेलं असतं. उष्णता लागली की हे तंतू आकसतात. ५० अंशांच्या आसपास मायोसिन नावाचं प्रथिन गोठायला लागतं. मांस पांढरं होतं, पण रसाळ असतं. ६५ अंश ओलांडले की अॅक्टिन नावाचं दुसरं प्रथिन आकसू लागतं आणि ओलं लुगडं पिळावं तसं पाणी बाहेर येतं. कोंबडी निर्धोक शिजली असं म्हणायला आतपर्यंत ७४ अंश पोचावे लागतात. म्हणजे पुरेशी शिजलेली कोंबडी आणि चोथा झालेली कोंबडी यांच्यात जेमतेम काही अंशांचं अंतर. मी ती गाडीच्या घाईत चांगली अर्धा तास खळखळ उकळली होती.

मग मिठाची गंमत. मीठ आदल्या रात्री कोंबडीला चोळून ठेवलं तर ते हळूहळू आत झिरपतं, मायोसिनचे तंतू सैल करतं, फुगवतं, आणि मग आच लागली तरी ते पाणी धरून ठेवतात. तेच मीठ काकडीच्या चकतीवर पडलं की पेशींमधलं पाणी बाहेर खेचून काढतं. एका घरात राखण करणारं मीठ शेजारच्या घरात बांध फोडतं. माझ्या डब्यात ते फक्त काकडी-टोमॅटोवर होतं, कोंबडीला आधी लावलेलंच नव्हतं. बडनेऱ्यापर्यंत पाव भिजवणारं पाणी काकडी आणि टोमॅटोचं होतं. कोंबडीचं पाणी तर घरीच पातेल्यात राहिलं होतं.

ब्रेस्ट घ्यावं की लेग, हा वादही इथेच सुटतो. कोंबडी पंख फडफडवते ती क्षणभर, कुंपणावर चढायला किंवा कुत्र्यापासून सुटायला. त्या झटक्यासाठी छातीचे स्नायू घडलेले असतात: फिकट, जवळजवळ बिनचरबीचे. पाय मात्र दिवसभर उकिरडा उकरत चालतात. सतत राबणाऱ्या स्नायूला प्राणवायू साठवावा लागतो, तो साठवणाऱ्या मायोग्लोबिनमुळे ते मांस गडद दिसतं; त्यात चरबी जास्त आणि कोलॅजनही जास्त. म्हणून लेग पीस चार मिनिटं जास्त शिजला तरी रुसत नाही. सँडविचसाठी जगभर ब्रेस्टचा आग्रह धरतात. माझं मत लेगला.

आता पाव. सँडविच हा शब्द लिहिलेला पहिल्यांदा सापडतो तो १७६२ साली, लंडनमध्ये, इतिहासकार एडवर्ड गिबनच्या रोजनिशीत. नाव पडलं सँडविचच्या उमरावावरून. पण पोळीत काहीतरी गुंडाळून हातात धरून खाण्यासाठी आपल्याला कोण्या उमरावाची वाट पाहावी लागली नव्हती.

पावाचा आतला भाग म्हणजे बुडबुड्यांची जाळी. पाणी दिसलं की ती स्पंजासारखं ओढून घेते. लोणी लावतात ते चवीसाठी खरंच, पण त्याचं मोठं काम आडोशाचं आहे: स्निग्धाचा थर पाणी आत जाऊ देत नाही. पाव भाजतात तेव्हा त्याचा पृष्ठभाग वाळतो, आणि १४० अंशांच्या वर साखर आणि अमिनो आम्लांची जी झटापट सुरू होते तिच्यातून तांबूस रंग आणि शेकडो सुवास जन्मतात. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. भाकरीला पडणारे डाग, भाजलेल्या कांद्याचा वास, तव्यावर चरचरलेल्या कोंबडीची खरपूस कड, सगळी तिचीच लेकरं.

पण मला खरं सांगायचं आहे ते लंबी रोटीबद्दल. विदर्भाबाहेर फार लोकांनी ती पाहिलेली नसते. कोणी तिला मटका रोटी म्हणतं, कोणी मांडे. मातीचं मडकं पालथं घालून त्याखाली जाळ लावलेला असतो. परातीत कणीक असते, पण आपल्या पोळीसारखी घट्ट नव्हे. हातातून निथळावी इतकी सैल. एका लग्नघराच्या मागच्या अंगणात मी ती मळताना पाहिली. काकू मूठभर कणीक उचलायच्या, ओढून हातभर लांब करायच्या, परातीत आपटायच्या, पुन्हा उचलायच्या. आधी ती चिखलासारखी तुटत होती. पंधरा-वीस मिनिटांनी तीच कणीक तुकतुकीत झाली आणि तुटायची थांबली. काकूंनी एक गोळा घेतला, या हातावरून त्या हातावर झुलवला, आणि बघता बघता तो तळव्यापासून कोपरापर्यंत लोंबू लागला. इतका पातळ, की पलीकडचा जाळ दिसावा. मग एका झटक्यात मडक्यावर. मिनिटही लागलं नाही, फोड आले, कडा सुटल्या.

मी विचारलं, इतकं पाणी घालून फाटत कशी नाही?

"पाण्याले काहून भेता जी? पाणीच तं रोटी लांबोते," काकू म्हणाल्या.

रसायनशास्त्राच्या पुस्तकातही हेच लिहिलेलं आहे. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिनं असतात. कोरड्या पिठात ती निपचित पडलेली असतात. पाणी मिळालं की एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची जाळी तयार होते. ग्लुटेनिन तिला ताण देतं, ग्लायडिन तिला वाहू देतं. पाणी भरपूर असेल आणि आपटणं-ओढणं पुरेसं झालं असेल तर ही जाळी कापडासारखी पसरते. रोटीला पाणी आधीच पोटभर पाजलेलं असतं, आणि मडक्यावर त्यातलं बरंचसं वाफ होऊन निघून जातं. उरतो तो पातळ, चिवट, लवचीक पडदा. त्यात पावासारखे मोठे बुडबुडे नाहीत, म्हणून रस्सा तिच्यात धावत शिरत नाही.

ज्वारीची भाकरी याच्या अगदी उलट. ज्वारीत ग्लुटेन नाहीच. म्हणून कढत पाणी घालून पिठातला स्टार्च फुलवावा लागतो, आणि त्या चिकटपणावर भाकरी उभी राहते. गरम असेतो ठीक. गार झाली की मोडते, तिची घडी होत नाही. म्हणून तर आपण ती रश्श्यात कुस्करतो. भाकरीला पाणी हवं असतं, रोटीला ते अडवायचं असतं. दोघींची कोंबडीशी मैत्री आहे, पण रीत वेगळी.

या रोटीला गहू लागतो लोकवन. पुष्कळांना वाटतं हे एखाद्या वनाचं नाव असावं. मलाही वाटायचं. मूळ नाव आहे 'लोक-वन', म्हणजे लोक क्रमांक एक! गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसरा गावी नानाभाई भट्टांनी १९५३ साली लोकभारती ही ग्रामीण शिक्षणसंस्था उभी केली. तिथल्या शेतावर हा वाण तयार झाला आणि संस्थेच्या नावातलं 'लोक' त्याला मिळालं. लोकभारती ज्या विचारावर उभी आहे तो विचार, शिक्षण हाताच्या कामातून द्यायचं हा, देशापुढे मांडला गेला ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत. नई तालीम ती हीच. वर्ध्यातून निघालेला विचार सणोसऱ्याला पोचला आणि तिथला गहू वर्ध्याच्या मडक्यावर परत आला. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून कोंबडीवर काय लिहिता, असं मला विचारलं जातं. आश्रमाचं जेवण शाकाहारी आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जिल्ह्यातल्या घराघरांत पोळ्याच्या करीला रस्सा शिजतो, हेही तितकंच खरं.

आणि तो रस्सा बहुतेकदा गावरान कोंबडीचा. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते. गावरान पाच-सहा महिने अंगणात हिंडते आणि तरी सडसडीत राहते. तिच्या पायांची पिवळी कातडी पाहा. सगळ्या कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या असं डार्विनपासून मानलं जात होतं. २००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिवळ्या कातडीचं जनुक तांबड्या रानकोंबड्याचं नाहीच. ते आलं आहे राखी रानकोंबड्याकडून, जो फक्त आपल्या भारतातल्या रानांत राहतो. न्यूयॉर्कच्या सँडविचमधल्या पिवळ्या कातडीच्या कोंबडीतसुद्धा आपल्या रानाचा एक धागा आहे!

हिंडण्याफिरण्याने गावरान कोंबडीच्या स्नायूंत कोलॅजन भरपूर आणि घट्ट विणलेलं. म्हणून ती लवकर शिजत नाही. पण मंद आचेवर दीड-दोन तास राहू दिली की हेच कोलॅजन उलगडून जिलेटिन होतं आणि रश्श्यात उतरतं. रात्रीचं पातेलं हिवाळ्याच्या सकाळी उघडून पाहा. वर तर्री थिजलेली, आणि खाली रस्सा नव्हे, थरथरणारी वडी. रश्श्याच्या त्या सगळ्या पाण्याला जिलेटिनच्या अगदी थोड्या धाग्यांनी बांधून ठेवलेलं असतं. पाणी तिथेच आहे, पण वाहत नाही.

आमच्या घरी थंडीत याची न्याहारी व्हायची. रात्रीची लंबी रोटी घडी करून ओल्या फडक्यात ठेवलेली असायची. आई ती उलगडायची, हाडावरून सोडवलेलं मांस ठेवायची, त्या थिजलेल्या रश्श्याचा एक चमचा, वर पातळ चिरलेला कांदा, लिंबू, आणि गुंडाळी हातात द्यायची. रोटी कोरडी. दाताखाली कांदा कुर्रकन वाजायचा. मग तोंडाच्या उबेने ती वडी वितळायची, कारण जिलेटिन शरीराच्या तपमानाच्या जरा अलीकडेच वितळतं, आणि रस्सा नेमका तिथे मोकळा व्हायचा जिथे तो हवा होता: जिभेवर. हीच न्याहारी मे महिन्यात जमत नाही. तेव्हा वर्ध्याची दुपार ४५ अंशांवर जाते आणि फ्रीजबाहेर काढलेली वडी घास होईपर्यंत पाणी होते.

कांद्याच्या त्या आवाजालाही कमी समजू नका. २००४ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने लोकांना बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून मोठा-बारीक केला. आवाज वाढवला की तेच चिप्स लोकांना अधिक ताजे, अधिक कुरकुरीत लागले. आपण कानानेही खातो.

आणि तिखट? सावजीच्या मसाल्याने जीभ भाजते तेव्हा ती चव नसते. जिभेच्या नसांवर उष्णता ओळखणारं एक दार असतं, टीआरपीव्ही-वन नावाचं. साधारण ४३ अंशांच्या वर ते उघडतं आणि मेंदूला भाजल्याची वर्दी जाते. मिरचीतलं कॅप्सायसिन तेच दार थंडीतही उघडतं. ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे वैशाखातल्या दुपारी बाहेर पडलं की अंगाला जे दार उघडल्याचं कळतं, तेच मिरची तोंडात उघडते. डिसेंबरच्या सकाळी ते बरं वाटणारच.

मागच्या थंडीत मी पुन्हा त्याच गाडीने निघालो. डब्यात दोन गुंडाळ्या होत्या. मांसाला आदल्या दिवशीच मीठ लावलेलं, कांदा वेगळ्या पुडीत, काकडी नाहीच. बडनेऱ्याला डबा उघडला. रोटी कोरडी होती, आतलं मांस ओलं होतं.

तुम्हीही थंडीत एकदा करून पाहा. रस्सा निवला की पातेलं लगेच फ्रीजमध्ये ठेवा. लंबी रोटी मिळाली नाही तर घरची पातळ पोळी चालेल, पावच असेल तर भाजून दोन्ही बाजूंना लोणी लावा. काकडी-टोमॅटो वेगळे न्या, मीठ खाताना टाका. आणि लंबी रोटी मिळाली तर घडी मडक्यावरून उतरल्याबरोबर घाला. उघडी ठेवून गार झाली की ती पापडासारखी मोडते.