एका 'च'ची गोष्ट

सास्तूरची एक बाई लिहायला शिकते आहे असे समजा. अक्षर वाकडे आले की ती पाटी पुसते. दहादा लिहिते, दहादा पुसते. मग म्हणते, "माझ्यानं होणार न्हाई. मी बिनकामाची!"

अक्षर वाकडे आले, हे खरे. पण बाई बिनकामाची कशी ठरली? एक भाकरी करपली म्हणून कुणी चूल मोडतं का?

अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५५ साली यावर एक उपचार काढला. त्यात गोळी नाही, सुई नाही. बोलायचे आणि विचार तपासायचा. मुंबईच्या किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करून तो अभ्यासला. मराठीत त्याला विवेकनिष्ठ उपचार म्हणतात.

'अक्षर चांगलं यावं' ही इच्छा झाली. ती असावी. 'चांगलं आलंच पाहिजे' हा हुकूम झाला. त्यातला 'च' माणसाला छळतो.

हा 'च' मोठ्या दुःखातही शिरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूरची घरे पडली. "मी त्याला वाचवायलाच हवं होतं," असे कुणी अजून मनात म्हणत असेल. त्याने स्वतःला विचारावे, "त्या क्षणी माझ्या हाती काय होतं?" दुःख राहील. पण आपण गुन्हेगार नाही, हे कळेल.

एकट्याला हे जमत नसेल तर दवाखान्यात सांगा. नाहीतर १४४१६ या सरकारी नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

आज अक्षर वाकडे आले तर पुसू नका. पुढचे लिहा.