परदेशीं बिऱ्हाड करण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत एका संध्याकाळीं आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सपत्नीक मजकडे आले. त्यांच्या धाकट्या चिरंजिवांस जर्मनींतील एका कारखान्यांत अभियंत्याची जागा मिळाली असून, पत्नी व लहान मुलगी यांसह तेथें बिऱ्हाड करण्याचा त्यांचा बेत ठरला होता. "मास्तर, तुमचे चिरंजीव तिकडेच आहेत आणि तुम्हीही तेथें राहून आलां आहांत, तेव्हां जाण्यापूर्वीं काय काय जाणून घ्यावें तें एकदां नीट सांगा," असें ते म्हणाले. त्यांनीं एक यादी करून आणली होती. सामान किती न्यावें, लोकरीचे कपडे येथें घ्यावे कीं तेथें, कुकर न्यावा कीं नाहीं, असे सत्तावीस प्रश्न तींत होते. परंतु सूनबाईविषयीं एकही प्रश्न नव्हता, आणि मागें राहणाऱ्या त्या उभयतांविषयींही नव्हता. सन २०२१ मध्यें आमच्या घरीं झालेली यादी हुबेहूब अशीच होती. तिच्यांतील उणीव आम्हांस पुढें महाग पडली. म्हणून त्या गृहस्थांस जें सांगितलें तेंच येथें विस्तारानें लिहितों.

सन १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां समाजापुढें प्रश्न होता तो समुद्र ओलांडावा कीं नाहीं हा. आज तो प्रश्न उरलेला नाहीं. परंतु जावें कीं नाहीं याचा निकाल लागला, म्हणजे कसें जावें हें आपोआप कळतें असें नव्हे. प्रवास वेगळा आणि बिऱ्हाड वेगळें. प्रवासी हा पाहुणा असतो. त्याच्या चुका लोक हंसून सोडून देतात. बिऱ्हाड करणारा मात्र त्या गांवचा रहिवासी होतो, आणि तेथील नियम, कर व शेजारधर्म हीं पहिल्या दिवसापासून त्याला लागू होतात. प्रत्येक देशाची रीत निराळी. मी बोलणार तें जर्मनीविषयीं, आणि त्यांतही मीं पाहिलेल्या श्टुटगार्ट शहराविषयीं. हें शहर सन १९६८ पासून आपल्या मुंबईचें भगिनीशहर आहे.

आमचे चिरंजीव सन २०२१ च्या सप्टेंबरांत सहकुटुंब तेथें गेले. सूनबाई वाणिज्य शाखेची पदवीधर. येथें सहा वर्षें नोकरी केलेली. पतीमागून जर्मनीस जाणाऱ्या पत्नीस तेथील भाषेची प्राथमिक परीक्षा सामान्यतः द्यावी लागते. पण पतीपाशीं 'ब्लू कार्ड' नांवाचा परवाना असल्यास तिला ती अट माफ आहे. ही माफी कळतांच घरांत सर्वांस आनंद झाला. सूनबाईनें मला विचारलें होतें कीं, वर्गास नांव घालूं का? मीं म्हटलें, "परीक्षा माफ आहे, तर निघण्याच्या धांदलींत तो व्याप कशाला? तेथें गेल्यावर ऐकून ऐकून येईल." पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसानें हें सांगावें! भाषा ऐकून येते ती मुलांना, आणि त्यांनाही ऐकविणारीं माणसें भोंवतीं असावीं लागतात. चार भिंतींत बसलेल्या गृहिणीस ती कोण ऐकविणार?

जानेवारी २०२२ मधील एका रात्रीं आमच्या तीन वर्षांच्या नातीस सडकून ताप भरला. चिरंजीव कामानिमित्त परगांवीं गेलेले. त्यांचा दूरध्वनि लागेना. दवाखाने बंद असतां वैद्यकीय सल्ल्यासाठीं ११६११७ आणि जिवावरच्या प्रसंगीं ११२, असे दोन क्रमांक तेथें आहेत. पण ते कोणीं घरांत लिहून ठेवले नव्हते. सूनबाई मुलीस कडेवर घेऊन दोनदां शेजारच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. अखेर तिनें आम्हांस पुण्यास दूरध्वनि केला. तिकडे रात्रीचा एक वाजला होता, येथें पहांटेचे साडेपांच. कुटुंबानें कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवावयास सांगितल्या. मी नुसता शेजारीं बसून राहिलों. 'ज्वर' शब्द सातही विभक्त्यांत चालविणाऱ्या माझ्यापाशीं त्या शेजारणीस सांगण्याजोगा एकही शब्द नव्हता. सकाळीं ताप उतरला. सूनबाई एवढेंच म्हणाली, "बाबा, येथें मी मुकी झालें आहें."

पुढें तिनें तेथील सरकारी 'एकात्मता वर्गांत' नांव घातलें. या वर्गांत ६०० तास भाषा आणि १०० तास त्या देशाचे कायदे, इतिहास व रीतिरिवाज शिकवितात. दीड वर्षांत ती बी-१ ही परीक्षा उत्तीर्ण झाली. सन २०२३ च्या उन्हाळ्यांत मी गेलों, तेव्हां तिनेंच त्या शेजारणीशीं माझा परिचय करून दिला. बाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या रात्रीची हकीकत तिनें त्यांना सांगितली होती. बाई मजदेखत तिला म्हणाल्या, "अग, माझें दार कां ठोठावलें नाहींस?" सूनबाई म्हणाली, "दार उघडल्यावर काय बोलावें, तें येत नव्हतें." त्या उत्तरांतील दोषाचा मोठा वाटा माझा होता, हें मीं तेथेंच मनाशीं कबूल केलें.

तेव्हां पहिली तयारी भाषेची. आणि ती नोकरीस जाणाऱ्याआधीं घरीं राहणारीची. कचेरींत इंग्रजीवर निभतें. दाई, दुकानदार, बालवाडीची शिक्षिका आणि शेजारीण यांच्यापाशीं तें निभेलच असें नाहीं. पुण्यांत मॅक्स म्यूलर भवन आहे, विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. निदान सहा महिने आधीं अभ्यास सुरू करावा. मराठी माणसानें या भाषेस भिण्याचें कारण नाहीं. तींत आपल्याप्रमाणें तीन लिंगें आहेत. मुलगी या अर्थाचा त्यांचा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून लोक हंसतात. पण पत्नी या एकाच अर्थीं 'दार' पुल्लिंगी व 'कलत्र' नपुंसकलिंगी चालविणाऱ्या संस्कृताच्या वारसांनीं हंसूं नये. विभक्त्या चारच. तूं आणि आपण हा भेद त्यांच्यांतही आहे. अनोळखी वा वडील माणसास 'तूं' म्हणणें तेथेंही उद्धटपणाचेंच. एकवीस हा अंक तर ते आपल्यासारखाच, आधीं एक आणि मग वीस, असा म्हणतात! सात खंडांच्या प्रचंड संस्कृत-जर्मन कोशाचे एक कर्ते रुडोल्फ रोट हे याच श्टुटगार्टचे, १८२१ सालचा त्यांचा जन्म. तेथल्या माणसानें आपली भाषा एवढ्या निष्ठेनें शिकावी आणि आपण त्यांची बाजारापुरतीही शिकूं नये, हें बरें नव्हे. एक सावधगिरी मात्र सांगतों: श्टुटगार्टकडील बोली पुस्तकी भाषेहून बरीच वेगळी आहे, पहिले कांहीं महिने कानाला ती परकीच वाटेल. त्यानें खचूं नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आंत त्या पत्त्याची नोंद नगराच्या कचेरींत करावी लागते, आणि त्यासाठीं घरमालकाचा दाखला लागतो. ही नोंद म्हणजे पुढील सर्व व्यवहारांची किल्ली. तिच्यामागूनच कराचा क्रमांक टपालानें येतो. टपालपेटीवर आपलें नांव लावणें हें तेथें पहिल्या दिवशींचें काम, नाहींतर पत्र परत जातें. सरकारी पत्र न वाचतां ठेवून दिलें म्हणून त्यांतील मुदत थांबत नाहीं. आपल्या पारपत्रांत स्वतःचें नांव व वडिलांचें किंवा पतीचें नांव पुष्कळदां एकाच रकान्यांत छापलेलें असतें. तिकडे तीं दोन्हीं त्या व्यक्तीचींच नांवें समजतात. आमच्या सूनबाईस येणारीं पत्रें अद्यापि तिच्या व चिरंजिवांच्या जोडनांवानें येतात. म्हणून जन्माचा दाखला, विवाहनोंदणी, पदव्या व पारपत्र यांवरील नांवें एकसारखीं आहेत ना, हें येथेंच पाहून घ्यावें. येथला वाहनपरवाना तेथें सहा महिनेच चालतो; पुढें दोन्ही परीक्षा नव्यानें द्याव्या लागतात.

घर भाड्यानें घेतांना मूळ भाडें व पाणी-ऊब यांसह होणारें भाडें, असे दोन आंकडे सांगतात. करार करतांना कोणता आंकडा बोलला जात आहे तें विचारावें. मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत अनामत मागतात. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे केवळ रिकामी खोली असते. ओटा, शेगडी, कपाटें, कधीं कधीं दिवेदेखील भाडेकरूनें आणावयाचे. आणि श्टुटगार्टच्या बाजूची एक खास रीत म्हणजे 'केरवोखे'. इमारतींतील जिना, अंगण व पायवाट झाडण्याची पाळी आठवड्या-आठवड्यानें एकेका बिऱ्हाडावर येते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. त्या शब्दांतील 'केर' आपल्या केराशीं जुळतो हा योगायोग खरा, पण काम तेंच! वाड्यांत राहिलेल्या माणसास ही पाळी नवी नाहीं. ती चुकविणाऱ्याविषयीं शेजाऱ्यांचें मत काय होतें, हें कोठेंही सारखेंच. रविवारीं दुकानें बंद असतात, आणि त्या दिवशीं व रोज रात्रीं दहानंतर गोंगाट वर्ज्य; भिंतीस खिळा मारावयाचा तो शनिवारींच मारून घ्यावा.

प्रकृतीविषयीं. आरोग्यविमा तेथें सक्तीचा आहे. सरकारी पद्धतीच्या विम्यांत न मिळवणारी पत्नी व मुलें यांचा समावेश वेगळी वर्गणी न देतां होतो. बाळंतिणीस घरीं येऊन पाहणारी सुईणही त्याच विम्यांत मिळते; मात्र दिवस राहिल्याबरोबर तिचा शोध घ्यावा लागतो. हिवाळ्यांत चार-साडेचारला काळोख पडतो आणि सूर्य आठवडा-आठवडा दिसत नाहीं. त्याचा मनावर परिणाम होतो, हें आधीं ठाऊक असलें म्हणजे माणूस स्वतःला दोष देत नाहीं. आणि आजीबाईंसाठीं एक वाईट बातमी: साजूक तूप, पेढे, बर्फी हे दुधाचे पदार्थ भारतांतून सामानांत नेण्यास बंदी आहे, आणि हापूसची पेटीही दाखल्यावांचून नेतां येत नाहीं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांवर समाधान मानावें.

आतां मागें राहणाऱ्यांविषयीं. आईवडिलांचा समावेश मुलाच्या त्या विम्यांत होत नाहीं. पाहुणे म्हणून गेल्यास कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहतां येतें, आणि निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. मार्च २०२४ पासून ज्यांस कुशल कामगार म्हणून प्रथमच परवाना मिळाला, त्यांना आईवडील नेण्याची वाट कायद्यानें उघडली आहे. परंतु त्यांच्या निर्वाहाची व विम्याची हमी द्यावी लागते, आणि उतारवयांतील माणसास तेथें नव्यानें विमा मिळणें फार अवघड. आमच्या चिरंजिवांचा परवाना त्याआधींचा. म्हणजे आम्हां उभयतांस म्हातारपणीं तेथें जाऊन राहतां येणार नाहीं, ही गोष्ट उघड होती. तरी ती आमच्या घरांत दोन वर्षें कोणीं उच्चारली नाहीं. मुलगा 'तुम्ही येथेंच या' म्हणे, आणि आम्ही 'येऊं कीं' म्हणत असूं. हें गोड बोलणें दोघांसही घातक होतें. आमच्या रुग्णालयाच्या वेळीं धांवून कोण येईल, बँकेचे व घराचे कागद कोठें आहेत, मुखत्यारपत्र कोणाच्या नांवें, मृत्युपत्र झालें आहे कीं नाहीं, हें सर्व निघण्यापूर्वीं एका बैठकींत स्पष्ट बोलावें. त्यांत अभद्र कांहीं नाहीं.

त्याच बैठकींत नागरिकत्वाचाही विचार व्हावा. जून २०२४ पासून जर्मनींत पांच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागतां येतें, आणि जुनें सोडण्याची अट तो देश घालीत नाहीं. परंतु आपल्या कायद्याप्रमाणें परदेशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेतांच भारताचें संपतें. मग मिळतें तें परदेशस्थ भारतीयाचें कार्ड. त्यावर येतां-जातां, राहतां येतें, पण मत देतां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारशानें मात्र येते. नागरिक राहूनही परदेशस्थ झालेल्यास शेतजमीन विकत घेण्याची बंदी आहेच. कोंकणांत ज्यांच्या वाड्या आहेत त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

ज्ञानकोशकार केतकर यांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या एडिथ कोह्न, जर्मन-ज्यू घराण्यांतल्या. सन १९२० मध्यें लग्न होऊन त्या आपल्याकडे नांदल्या, मराठी शिकल्या, आणि आपल्या आठवणीही मराठींत लिहित्या झाल्या. परक्या देशांत माणूस रुजतें तें असें. पण तिकडून आलेल्या सुनेचें कौतुक करतांना तिकडे जाणाऱ्या आपल्या सुनेस आपण काय बरोबर देतों, हेंही विचारावें.

हें सर्व ऐकून त्या गृहस्थांनीं यादीची घडी घातली. त्यांच्या पत्नीनें भीत भीत विचारलें, "मग कुकर न्यावा कीं नाहीं?" मीं म्हटलें, "अवश्य न्यावा. पण तिकडे विजेच्या शेगड्या असतात, तेव्हां त्यांवर चालेल असा बुडाचा घ्यावा." परवां कळलें कीं, त्यांच्या सूनबाईनें जर्मनच्या वर्गांत नांव घातलें असून, संध्याकाळीं सासूबाईही तिच्याशेजारीं बसून एक ते वीस अंक घोकतात. नात तिकडे वाढणार. तिच्या तोंडचें कांहीं आपल्यालाही कळावें, असें त्या म्हणाल्या. त्या घराची तयारी आमच्यापेक्षां चांगली चालली आहे.