शरद ऋतूत कोंबड्यांना खाऊ कोणता द्यावा?

पावसाळा सरून आश्विन लागला, की देवळाली कॅम्प, भगूर, संसरी, नाणेगाव या भागांत परसात कोंबड्या पाळणाऱ्या भगिनी एकच तक्रार सांगतात : अंडी थांबली, पिसे गळाली, आता ही कोंबडी कापावी काय? पुष्कळदा ती कोंबडी रोगी नसते. नाशिककडे जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असलेला दिवस डिसेंबरापर्यंत अकरा तासांवर येतो. दिवस आखडू लागला म्हणजे वर्षावरील कोंबडी जुनी पिसे टाकून नवी धारण करते व त्या दोन-तीन महिन्यांत अंडी देणे कमी करते किंवा थांबवते. मात्र पक्षी मलूल बसत असेल, हिरवट हगवण असेल किंवा मान वाकडी होत असेल, तर ती पीसगळ नव्हे. पशुवैद्यकीय दवाखाना तत्काळ गाठावा.

पिसांचा सुमारे ८५ टक्के भाग प्रथिनांचा असतो. म्हणून या दिवसांत कोंबडीला प्रथिने हवीत. कीव येऊन तिच्यापुढे मूठमूठ मका व शिळा भात टाकला, तर चरबी तेवढी वाढते. खाऊ हा शेवटी खाऊच. एक कोंबडी दिवसास १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, त्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक खाऊ नसावा. पाच कोंबड्यांस ५०-६० ग्रॅम म्हणजे ओंजळभरही नव्हे. तोही दुपारनंतर द्यावा, म्हणजे नेहमीचे खाद्य आधी पोटात जाते. कोवळा पाला थोडा अधिक चालतो.

सर्वांत स्वस्त व कोंबड्यांच्या विशेष आवडीचा खाऊ वाळवीचा. फुटके मडके घ्यावे, त्यात वाळलेले शेण, गोणपाटाचे तुकडे व काडीकचरा भरून पाणी शिंपडावे आणि वारूळ असेल तेथे सायंकाळी पालथे घालावे. सकाळी त्यात वाळवी जमलेली आढळते. मडके अंगणात रिते केले, की जी झुंबड उडते ती पाहण्यासारखी असते. शेवग्याचा पाला, अझोला व थोडी भुईमुगाची पेंड हीही उपयुक्त होत. लाल भोपळ्याची फोड दोरीने कोंबडीच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगावी. चोची मारण्यात पक्षी रमतात व एकमेकींची पिसे उपटण्याची खोड कमी होते. बाजरीची कणसे पेंढ्यात दडवून ठेवली, तरी तोच लाभ. दसरा-दिवाळीच्या हारांतील झेंडूच्या पाकळ्यांनी अंड्याचा बलक पिवळाधमक होतो. परंतु फुले औषध फवारलेली नसावीत, आणि हाराचा दोरा अवश्य काढावा, नाही तर तो अन्नपिशवीत गुंतून बसतो.

आता धोक्याविषयी. याच काळात रब्बीची पेरणी होते आणि बीजप्रक्रिया केलेल्या गहू-हरभऱ्याचे उरलेले दाणे कोंबड्यांपुढे टाकले जातात. हे कदापि करू नये. बियाण्यास चोळलेल्या थायरमसारख्या औषधाने कोंबडी मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी घालते, पिलांचे पाय अधू होतात. धुतल्याने असे बी निर्धोक होत नाही, आणि ते खाल्लेल्या कोंबडीची अंडी घरात खाऊ नयेत. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी सुरू असता तेथील काड्या व पाला आणू नये, कोंबड्याही बागेत सोडू नयेत. त्या वेळी डोळे फुटण्यासाठी व बुरशीसाठी औषधांचा वापर होत असतो.

परतीच्या पावसात भिजलेला मका व भुईमूग बुरशीने काळा-हिरवा पडला असेल, तर तो पुरून टाकावा. त्यातील अफ्लाटॉक्सिन यकृताची हानी करते व भाजल्या-उकडल्यानेही पुरते जात नाही. ‘कोंबडीला सारे पचते’ ही समजूत गावोगाव आढळते. ती खोटी आहे. सोयाबीन कच्चे देऊ नये, भाजून द्यावे. चाळीतला सडका कांदा नकोच, कारण कांदा रोज पुष्कळ पोटात गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. बटाट्याच्या हिरव्या सालीही वर्ज्य. सीताफळाचा गर खुशाल द्यावा, बिया मात्र वेचाव्यात. त्यांची पूड उवा मारण्यास वापरतात, हे घरोघरी ठाऊक आहे. दिवाळीचा उरलेला चिवडा व शेव यांत मीठ फार असते, म्हणून त्यांचाही मोह टाळावा. सुकट द्यावयाची तर भिजवून दोनदा धुवावी.

नवी पिसे फुटत असता पक्ष्यास विनाकारण हाताळू नये. कोवळी पिसे दुखतात. अंडी पुन्हा सुरू झाली, की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे ज्या कोंबडीस जितका हवा तितका ती स्वतः खाते.