जुना पॉवर टिलर घेताना आधी इंजिनला हात लावा

बऱ्याच जणांनी विचारलं, "शनिवार-रविवारची शेती, वीस गुंठे जमीन, जुना पॉवर टिलर घ्यावा का?" घ्या की, पण माझ्यासारखे फसू नका.

मी बघायला गेलो तेव्हा मालकाने टिलर आधीच चालू करून ठेवला होता. आवाज मस्त, मी खूश! घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारून मारून खांदे गेले, सुरूच होईना. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. दुरुस्ती होईपर्यंत वाफसा गेला, त्या वर्षीचा भुईमूग राहिला.

गरम इंजिन झिजलेलं असलं तरी लगेच सुरू होतं. म्हणून आधी जपून हात लावा. कोमट लागलं तर "उद्या येतो" म्हणा. थंड असतानाच सुरू करायला सांगा. निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. तिथून सरळ निघा. रोटरची पाती झिजलेली असली तर घाबरू नका, ती बदलता येतात. तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.

आणि हो, पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात का, हे सौद्याआधी विचारा. ऐन जूनमध्ये विचारून उपयोग नाही.